अन्ननलिकेच्या कॅन्सरवर जीन थेरपी: किमो-रेडिएशन थांबवून तिकडे जावं का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते लिहिते, म्हणजे हे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. तुमचे वडील ६४ वर्षांचे. दोन महिन्यांपासून भाकरी छातीत अडकते, आता कालवलेला डाळ-भात तेवढा उतरतो. सात किलो वजन गेलंय. दुर्बिणीतून तपासणी झाली, अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर आला. पेट स्कॅनमध्ये शेजारच्या दोन लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) सोडून बाकी शरीर स्वच्छ आहे, म्हणजे तिसरी स्टेज. डॉक्टरांनी पाच आठवडे किमो आणि रेडिएशन एकत्र, मग ऑपरेशन असं सांगितलंय. तेवढ्यात मामांच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं की चीनमध्ये ‘जीनचं इंजेक्शन’ मिळतं, केस जात नाहीत, चिरफाड नाही, त्रास नाही. म्हणून तुम्ही विचारताय की किमो-रेडिएशन थांबवून तिकडे जावं का. आणि शेवटी एक ओळ आहे, की बाबांना अजून कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही. त्या ओळीकडे मी शेवटी येते.

मी रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आहे, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला ‘शेक देणं’ किंवा ‘लाईट देणं’ म्हणतात ते काम मी २१ वर्षं करते आहे. अन्ननलिकेचे रुग्ण आमच्याकडे दर आठवड्याला येतात. त्या अनुभवावर सांगते: थांबू नका. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या उपचारांची जागा घेईल अशी जीन थेरपी आज जगात कुठेही नाही. जीन थेरपी थोतांड आहे असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. हे शास्त्र खरं आहे, त्यात चांगली माणसं आयुष्य घालवत आहेत, आणि अन्ननलिकेबाबतचे काही प्रयोग तर मी स्वतः फार आशेने वाचते. पण ‘खरं शास्त्र’ आणि ‘तुमच्या वडिलांना येत्या सोमवारी द्यायचा उपचार’ यांत आज बरंच अंतर आहे.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. गाठ आज ज्या अवस्थेत आहे तिथे ती बरी होण्याची शक्यता आहे. ही संधी किती आठवडे टिकेल, आणि त्यातले किती आठवडे आपण व्हिसा, विमान आणि चौकशीत घालवू शकतो? हा प्रश्न चौथ्या स्टेजच्या माणसाला असता तर मी थोडं वेगळं लिहिलं असतं. गाठ खाली पोटाच्या तोंडाशी असती आणि रिपोर्टात ‘ॲडिनो’ (ॲडिनोकार्सिनोमा, ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) लिहिलेलं असतं तरी वेगळं लिहिलं असतं. वडिलांचं हृदय, फुफ्फुसं, तंबाखू-दारूची सवय यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यावरही काही गोष्टी ठरतील. म्हणून खालचं सगळं ‘तिसरी स्टेज, स्क्वॅमस, चालतं-फिरतं माणूस’ एवढं धरून लिहिते आहे.

आधी एक घोळ मिटवते, कारण ओपीडीत निम्मा वेळ त्यातच जातो. ‘जीन टेस्ट’ म्हणजे गाठीच्या तुकड्यातले जनुकीय बदल तपासणं. ‘टार्गेटेड थेरपी’ म्हणजे त्यातल्या एखाद्या बदलावर नेम धरणारं औषध. आणि ‘जीन थेरपी’ म्हणजे जनुक हेच औषध: एखाद्या वाहकातून, बहुधा पांगळा केलेल्या विषाणूतून, पेशीच्या आत नवं जनुक पोहोचवायचं, किंवा रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून त्यांत नवं जनुक घालून परत द्यायच्या. पहिलं तुमच्या जिल्ह्यातल्या लॅबमधूनही होतं, तिसरं अजून बहुतांशी चाचण्यांमध्ये आहे. तुम्हाला कोणी ‘तुमच्या वडिलांची जीनची टेस्ट करू आणि मग जीनचा उपचार देऊ’ असं एका दमात सांगत असेल, तर या तिन्हींपैकी नक्की काय, ते कागदावर लिहून मागा.

आता चीनचं ते इंजेक्शन. अंदाज आहे की तुम्हाला सांगितलेलं औषध ‘जेंडिसीन’ असावं, कारण ते नाव घेऊन लोक माझ्याकडेही येतात. त्यामागची कल्पना सुंदर आहे. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचं जनुक असतं. गावाचा जागल्या जसा रात्री फिरून बघतो, तसं हे जनुक पेशीच्या डीएनएवर नजर ठेवतं. बिघाड दिसला की पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये बहुतेक रुग्णांत हेच जनुक बिघडलेलं सापडतं. मग साधा विचार असा: सर्दी-खोकल्याच्या अडिनोव्हायरसमध्ये चांगलं पी-५३ भरायचं आणि ते थेट गाठीत टोचायचं. चीनने २००३ मध्ये जेंडिसीनला परवाना दिला आणि जगात परवाना मिळालेलं पहिलं जीन थेरपीचं औषध म्हणून त्याची नोंद झाली. पण तो परवाना डोकं आणि मान या भागातल्या स्क्वॅमस कॅन्सरसाठी होता. अन्ननलिकेसाठी नव्हता. त्याच धर्तीचं औषध अमेरिकेत एका कंपनीने एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषधांना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेकडे नेलं, तेव्हा २००८ मध्ये एफडीएने अर्ज विचारासाठी दाखलसुद्धा करून घेतला नाही. २० वर्षं उलटून गेली, तरी पी-५३ चं इंजेक्शन अन्ननलिकेच्या उपचारात कुठल्याही मोठ्या मार्गदर्शक सूचनेत आलेलं नाही.

अन्ननलिकेवर पी-५३ चा प्रयोग जपानमध्ये झाला होता, हेही सांगते. किमो-रेडिएशनला दाद न दिलेल्या दहा रुग्णांना दुर्बिणीतून गाठीत इंजेक्शनं दिली. मोठा धोका आढळला नाही, बहुतेकांची गाठ काही काळ आहे तशी राहिली, पण आक्रसून नाहीशी झाली नाही. दहा माणसांवरचा, २००६ मध्ये छापून आलेला हा प्रयोग. प्रामाणिक काम होतं आणि त्यातून सुरक्षिततेबद्दल बरंच कळलं. पण यावरून कोणी ‘बिनऑपरेशन बरं होतं’ म्हणत असेल तर ते खोटं आहे.

का चालत नाही, हे माझ्या रोजच्या कामातून सांगते, कारण ते मला पुस्तकापेक्षा माझ्या संगणकावर जास्त स्पष्ट दिसतं. उपचार सुरू करण्याआधी रुग्णाचा सीटी स्कॅन घेऊन मी एकेका कापावर गाठीची हद्द पेनाने आखते. समजा गाठ पाच सेंटिमीटरची आहे. मी पाच सेंटिमीटरच आखून थांबत नाही. गाठ जिथे संपलेली दिसते त्याच्या वर आणि खाली साधारण तीन-चार सेंटिमीटर जास्तीचा भाग घेते. कारण हा कॅन्सर अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराखालून सरपटत जातो, वरून अस्तर गुलाबी, निरोगी दिसतं आणि खाली पेशी पोहोचलेल्या असतात. कधी मधला भाग मोकळा सोडून पुढे दुसरं ठिकाण धरतो. शिवाय श्वासनलिकेला चिकटून असलेल्या लिम्फ नोड. तुमच्या वडिलांच्या त्या दोन नोड अशाच कुठेतरी असणार. आता सुईने गाठीत टोचलेलं औषध यातल्या कितीशा पेशींपर्यंत जाईल? गाठ कडक असते, टोचलेलं सुईच्या आसपासच राहतं. गाठीत कोट्यवधी पेशी, त्यातल्या काही टक्क्यांत जनुक गेलं तर बाकीच्या वाढत राहतात. आणि शरीर त्या विषाणूला ओळखतं, दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात. एकच बिघडलेलं जनुक दुरुस्त करून जन्मजात आजार बरा करणं वेगळं. कॅन्सरमध्ये एकही पेशी सुटून चालत नाही.

तरीही जीन थेरपीसाठी अन्ननलिका ही एका बाबतीत सोयीची जागा आहे: दुर्बिणीने तिथे पोहोचता येतं. आणि या सोयीचा सगळ्यात शहाणपणाने उपयोग जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या लोकांनी केला. त्यांचं ओबीपी-३०१, दुसरं नाव टेलोमेलायसिन, हा असा विषाणू आहे की तो निरोगी पेशीत जवळजवळ गप्प राहतो आणि कॅन्सरच्या पेशीत वाढतो. त्याच्या वाढीची किल्ली टेलोमरेज या एन्झाइमच्या जनुकाला जोडलेली आहे, आणि ते एन्झाइम बहुतेक कॅन्सरपेशींतच जागं असतं. पेशीत वाढतो, तिला फोडतो, शेजारच्या पेशीत शिरतो. म्हणजे ‘औषध थोड्याच पेशींत पोहोचतं’ या अडचणीवर त्यांनी शोधलेला तोडगा हा की औषधच स्वतःची संख्या वाढवेल.

आणि इथे माझं क्षेत्र येतं, म्हणून जरा थांबते. रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं. पेशी तो जोडायला धावते, जोडला गेला तर ती वाचते. या विषाणूतलं एक प्रथिन पेशीची ती जोडणीची यंत्रणाच निकामी करतं. मी तोडायचं, त्याने जोडू द्यायचं नाही. म्हणून त्यांनी विषाणू एकटा दिला नाही, रेडिएशनसोबत दिला. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत १३ रुग्ण होते, बहुतेक वयस्कर, ऑपरेशन आणि किमो न झेपणारे. सहा आठवड्यांत ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप) रेडिएशन आणि त्या काळात तीन वेळा दुर्बिणीतून इंजेक्शन. आठ जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, तिघांची लहान झाली. ताप आला, अन्ननलिकेला सूज आली, रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी काही दिवस घटल्या. जपान सरकारने २०१९ मध्ये या औषधाला लवकर तपासणीच्या यादीत घेतलं, पुढच्या टप्प्याची चाचणीही झाली.

हे वाचून मला आनंद झाला होता, अजूनही आहे. पण त्याच वेळी मी मनात मोजत होते: १३ माणसं. तुलनेसाठी नुसतं रेडिएशन घेतलेला दुसरा गट नाही. त्यांत पहिल्या स्टेजचेही रुग्ण होते. नुसत्या रेडिएशननेही अशा काही रुग्णांची गाठ जाते, माझ्याच वहीत अशी नावं आहेत. मग आठातलं श्रेय विषाणूचं किती आणि रेडिएशनचं किती? तो हिशोब मोठ्या, तुलनात्मक चाचणीशिवाय होत नाही. तुमच्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं एवढंच की जिथे जीन थेरपीने अन्ननलिकेत सगळ्यात जास्त आशा दाखवली, तिथेही रेडिएशन पूर्ण दिलेलं होतं. तुमच्या वडिलांना जो उपचार सोडायला सांगितला जातोय, त्याच्याच खांद्यावर ती आशा उभी आहे.

सुरुवातीच्या आशेवर का विसंबू नये, याचं एक उदाहरण मी नव्या डॉक्टरांना नेहमी सांगते. अमेरिकेत ‘टीएनएफरेड’ नावाचं औषध होतं. त्यातही अडिनोव्हायरस, आत टीएनएफ या प्रथिनाचं जनुक, आणि त्या जनुकाचा खटका असा की रेडिएशन पडलं की तो चालू होतो. रेडिएशन जिथे, औषध तिथेच. यापेक्षा हुशार रचना मी क्वचित पाहिली. अन्ननलिकेत किमो-रेडिएशनसोबत दिलं तेव्हा सुरुवातीचे आकडे उत्साहवर्धक होते, वरच्या डोसला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रासही दिसला. मग स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ३०४ रुग्णांची तुलनात्मक चाचणी झाली. औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, १० महिने. न घेतलेल्यांचंही १० महिने. काम तिथेच थांबलं.

दुसरी वाट पेशींची आहे. तुम्ही ‘आयआयटीने शोधलेला उपचार’ असा उल्लेख केलाय तो हाच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशींत नवं जनुक घालून परत देण्याचा उपचार) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवाना मिळाला आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत तो रुग्णांसाठी खुला झाला. आपल्या राज्यात घडलेली ही मोठी गोष्ट आहे, मला तिचा मनापासून अभिमान आहे. पण तो बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आणि लिम्फोमासाठी आहे. त्या पेशी ज्या खुणेवर जाऊन बसतात ती सीडी-१९ ही खूण अन्ननलिकेच्या गाठीवर नसते. बाबांना तो लागू नाही, पैसे असले तरी नाही.

अन्ननलिकेसाठी जपानमध्ये टी-पेशींत ‘मेज-ए४’ ही खूण ओळखणारं जनुक घालून दहा रुग्णांना दिलं होतं. सात जणांचा आजार दोन महिन्यांत वाढला. ज्या तिघांच्या अंगात सुरुवातीलाच आजार अगदी थोडा उरला होता ते २७ महिन्यांहून जास्त जगले. आणि जठराच्या व अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या ॲडिनोकार्सिनोमासाठी चीनमधून २०२५ मध्ये कार-टीची तुलनात्मक चाचणी छापून आली, १५६ रुग्णांची. आजार आटोक्यात राहण्याचा काळ १.७७ महिन्यांवरून ३.२५ महिन्यांवर गेला. घन गाठींमध्ये कार-टी तुलनात्मक चाचणीत सरस ठरणं हे शास्त्रासाठी फार मोठं पाऊल आहे. पण ते रुग्ण किमोच्या दोन फेऱ्या हरून आलेले होते, आणि मिळालेला काळ महिन्यांत मोजायचा आहे. तुमचे वडील त्या ठिकाणी नाहीत. त्यांच्याकडे अजून पहिला, सगळ्यात चांगला डाव शिल्लक आहे.

तो डाव किती चांगला आहे ते आता बघा. तुम्हाला जो कागद दिलाय तो नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीच्या धर्तीचा आहे: आठवड्यातून पाच दिवस असं २३ वेळा रेडिएशन, एकूण ४१.४ ग्रे, आठवड्यातून एकदा कमी मात्रेची किमो, अशी पाच वेळा, मग काही आठवड्यांनी ऑपरेशन. त्या चाचणीत स्क्वॅमस रुग्णांपैकी ज्यांचं किमो-रेडिएशननंतर ऑपरेशन झालं, त्यांतल्या ४९ टक्के लोकांच्या काढलेल्या अन्ननलिकेत पॅथॉलॉजिस्टला एकही जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही. नुसतं ऑपरेशन केलेल्या स्क्वॅमस रुग्णांचं मध्यक आयुष्य २१.१ महिने, किमो-रेडिएशन करून ऑपरेशन केलेल्यांचं ८१.६ महिने. स्क्वॅमस रुग्णांचा गट त्या चाचणीत लहान होता हे खरं, पण फरक डोळ्यांत भरण्याएवढा आहे. आणि ऑपरेशन झेपणार नाही असं ठरलं, तर किमो-रेडिएशन ५० ग्रेच्या आसपास नेऊन तेवढ्यावरच थांबता येतं. अमेरिकेतल्या एका जुन्या चाचणीत अशा रुग्णांपैकी २६ टक्के पाच वर्षांनी हयात होते, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी एकही नव्हता.

‘त्रास नाही’ या शब्दाबद्दल बोलायलाच हवं. किमो-रेडिएशनला त्रास आहे. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना आग होते, थकवा येतो, केस विरळ होतात, काहींचे जातात, मग येतात. ऑपरेशन मोठं आहे, छाती आणि पोट दोन्हीकडून. जिथे वर्षाला अशी बरीच ऑपरेशनं होतात तिथेच करा, आणि ‘तुमच्याकडे वर्षाला किती होतात’ हे विचारायला संकोचू नका. पण जीन थेरपी त्रासाशिवाय असते हे कोणी सांगितलं? १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा अडिनोव्हायरसच्या जीन थेरपीने चार दिवसांत गेला. त्याला कॅन्सर नव्हता, यकृताचा एक जन्मजात आजार होता, आणि तो औषधांवर व्यवस्थित जगत होता. त्यानंतर जगभरचे नियम कडक झाले. कार-टीनंतर काही रुग्णांना आयसीयूत ठेवावं लागतं.

एक रुग्ण सांगते, नाव-गाव वगळून. पन्नाशीचे गृहस्थ, गाठ जवळजवळ तुमच्या वडिलांएवढीच. मार्किंग झालं होतं, छातीवर शाईचे ठिपके लावले होते, सोमवारी सुरू करायचं ठरलं होतं. आले नाहीत. दहा आठवड्यांनी आले ते मुलाच्या आधाराने. मधल्या काळात एका ठिकाणी ‘जीन आणि पेशींची’ इंजेक्शनं घेतली होती. बिलावर औषधाचं नाव नव्हतं, बॅच नंबर नव्हता, नुसतं ‘पॅकेज’ लिहिलेलं. छातीवरचे शाईचे ठिपके पुसले गेले होते. मी ग्लासभर पाणी दिलं, एक घोट घेतला आणि जोराचा ठसका लागला. दुसरा घोट, पुन्हा ठसका. तेव्हाच कळलं. गाठीने अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामधली भिंत पोखरली होती, पाणी सरळ फुफ्फुसात जात होतं. त्या स्थितीत बरं करण्यासाठीचं रेडिएशन सुरू करता येत नाही. स्टेंट टाकून ते भोक झाकलं, थोडे दिवस त्यांना चहा पिता आला. दहा आठवड्यांपूर्वी त्यांच्यापुढे जी शक्यता होती ती परत आणणं आमच्या हातात राहिलं नव्हतं.

म्हणून मी आठवडे मोजायला सांगते.

तरीही तुम्हाला भारतात चाचणी शोधायची असेल तर जरूर शोधा, उपचार सुरू ठेवून शोधा. आपल्याकडची प्रत्येक अधिकृत चाचणी ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदणीत असते, संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. नोंदणी क्रमांक मागा, तिथे टाकून बघा: आजार तोच आहे का, स्टेज तीच आहे का, भरती चालू आहे का. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीतलं औषध रुग्णाला विकता येत नाही, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. ‘ट्रायल आहे, पण इतके लाख आधी भरा’ असं कोणी म्हणालं की तिथून उठा. परदेशातल्या केंद्राबाबतही औषधाचं नेमकं नाव, त्याचा परवाना कुठल्या आजारासाठी आहे तो कागद, आणि तुमच्या वडिलांच्या रिपोर्टवर तिथल्या डॉक्टरांचं सहीचं मत, या तीन गोष्टी मागा. माझ्याकडे आलेल्या एकाही कुटुंबाला मध्यस्थाने या तिन्ही दिलेल्या नाहीत.

जीन टेस्टचं विचारलं होतंत. आत्ता लगेच महागडं पॅनेल करायची गरज नाही, पहिल्या उपचाराचा निर्णय त्यावर अवलंबून नाही. बायोप्सीचा ठोकळा (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मात्र सांभाळून ठेवायला सांगा. ऑपरेशननंतर काढलेल्या भागात कॅन्सर उरलेला निघाला, तर निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) वर्षभर देण्याचा प्रश्न येतो. तसं दिल्यावर आजार परत न येता राहण्याचा मध्यक काळ ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला, असं २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ती जीन थेरपी नाही, पण खर्च मोठा आहे, म्हणून पैसे जपायचे असतील तर त्यासाठी जपा. किमो, रेडिएशन आणि ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतची सोय आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून रेशनकार्ड आणि आधार घेऊन उद्याच नोंद करा.

या सगळ्यापेक्षा माझं लक्ष त्या सात किलोंवर आहे. अन्ननलिकेच्या रुग्णाचा उपचार अर्ध्यात मोडतो तो बहुतेक वेळा भुकेने. आमच्याकडे दर सोमवारी वजन करतो, त्याच काट्यावर, चप्पल काढून. आठवड्यात दोन किलो गेलं की मी नाकातून नळी टाकायचा विषय काढते, आणि घरचे रडायला लागतात. नळी म्हणजे शेवट, असं आपल्याकडे लोकांच्या मनात बसलंय. नळी ही पाच-सहा आठवड्यांची सोय आहे. ज्यांनी ती वेळेवर घेतली ते ऑपरेशनच्या टेबलापर्यंत ताकदीने पोहोचले. तोवर दर दोन तासांनी थोडं थोडं द्या: नाचणीची आंबील, मुगाचं कढण तूप घालून, दुधात मऊ शिजवलेली खीर, चालत असेल तर अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. नुसती तांदळाची पेज पोट भरते, ताकद देत नाही. चहा कोमट करून द्या. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं हा अन्ननलिकेच्या कॅन्सरचा संभाव्य धोका म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरसंस्थेने २०१६ मध्ये नोंदवलाय, आणि आता तर तिथे जखम आहे. तंबाखू, मिश्री, दारू आजपासून बंद.

आता ती शेवटची ओळ. बाबांना सांगितलेलं नाही. तुमची भीती मला कळते, माझ्या स्वतःच्या काकांच्या वेळी आमच्या घरानेही हेच केलं होतं. पण बघा, तुम्ही त्यांच्यासाठी जीन थेरपी शोधताय, आणि कुठल्याही खऱ्या चाचणीत पहिली अट ही असते की रुग्णाने स्वतः सगळं समजून सही करायची. किमो-रेडिएशनच्या संमतिपत्रावरही सही त्यांचीच. पाच आठवडे रोज त्या विभागात बसणारा माणूस शेजारच्या रुग्णाशी बोलतो, भिंतीवरचे तक्ते वाचतो. एका शेतकरी आजोबांना मुलांच्या विनवणीवरून मी ‘सूज आहे’ एवढंच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ते मशीनवर झोपता झोपता मला म्हणाले, “बाई, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पोरं घाबरलीत म्हणून मी विचारत नाही.” चार दिवस ते एकटे होते त्या माहितीसोबत.

तेव्हा आज रात्री जेवणानंतर त्यांच्याजवळ बसा. शब्द साधे ठेवा: “बाबा, अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ आहे. बाकी शरीरात पसरलेली नाही. पाच आठवडे उपचार, मग ऑपरेशन. बरं व्हायचा प्रयत्न आहे.” यातला प्रत्येक शब्द तुमच्या पेट स्कॅनवरून खरा आहे. मग ते काय विचारतात ते ऐका, त्यांचे प्रश्न एका कागदावर लिहा आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांकडे पहिल्या दिवशी घेऊन जा. बायोप्सी आणि पेट स्कॅनच्या शेवटच्या ‘इम्प्रेशन’च्या ओळी, नाव झाकून, इथे टाकल्यात तर त्याही बघते.